आठ जणांनी हिरवं म्हटलेलं पाणी

“मडावीचा फॉर्म जाणार नाही,” हेडमास्तर म्हणाले आणि निकालाचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. “प्रॅक्टिकलमध्ये नापास. तेही तुमच्याच विषयात.”

गोष्ट १९५०च्या दशकातली. मी ब्रह्मपुरीच्या एका हायस्कूलमध्ये सायन्स मास्तर होतो. मॅट्रिकच्या आधी शाळेची टेस्ट परीक्षा असे. तिच्यात पास होणाऱ्यांचेच फॉर्म पुढे जात. प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायला दुसऱ्या शाळेचे मास्तर यायचे आणि तपासून झाल्या की संध्याकाळच्या मोटारीने परत जायचे. त्या वेळचे परीक्षकही गेले होते.

दसरू मडावी एटापल्लीकडच्या जंगलातला. वय अठरा-एकोणीस. बोर्डिंगात राहून शिकत होता. त्याच्या गावातून तोवर कोणी मॅट्रिकच्या वर्गापर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. फॉर्म गेला नाही तर बोर्डिंगातली जागा जाणार आणि शिक्षण तिथेच संपणार, हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

मी त्याची वही मागवली. दिलेल्या क्षाराचं नाव त्याने लिहिलं होतं फेरिक सल्फेट. त्यावर लाल शाईची भलीमोठी फुली. शेजारी परीक्षकांचा शेरा: ‘फेरस आणि फेरिक यांतला फरकही कळत नाही. जंगलातून आलेल्यांना हा विषय झेपत नाही.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. क्षार चुकला म्हणून मार्क कापा, पण जंगल मध्ये कशाला आणता?

फरक काय, तो सांगतो. आपलं खायचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमचा अणू आपल्याकडचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. देणाऱ्यावर धन भार येतो, घेणाऱ्यावर ऋण, आणि दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. याला आयनिक बंध म्हणतात. नाव ठेवायची रीत सोपी आहे: आधी देणाऱ्याचं, मग घेणाऱ्याचं. सोडियम एकच देतो, त्यामुळे भानगड नाही. लोखंड मात्र कधी दोन देतं, कधी तीन. दोन दिले तर फेरस, तीन दिले तर फेरिक. फेरसचं पाणी फिकट हिरवं दिसतं, फेरिकचं पिवळट.

दसरूच्या वहीत होतं: रंग पिवळा. कॉस्टिक सोडा टाकल्यावर तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ. थायोसायनेट टाकल्यावर रक्तासारखा लाल. हे सगळं फेरिकचंच. मग चूक कुठे झाली?

तेच पाणी आणखी आठ जणांना मिळालं होतं. त्यांच्याही वह्या काढल्या. आठही जणांनी लिहिलं होतं: रंग फिकट हिरवा, साका हिरवा, फेरस सल्फेट. आठांनाही पैकीच्या पैकी.

मी तडक लॅबमध्ये गेलो. बाटलीवर माझ्याच हातचं लेबल होतं, ‘फेरस सल्फेट’. आत मात्र हिरव्या खड्यांऐवजी पिवळट तपकिरी भुकटी. बाटलीचं बूच केव्हाच सडलं होतं. आमच्या शाळेत बूच गेलं की चपराशी पळसाचं पान गुंडाळून तोंडात कोंबायचा. निम्म्या बाटल्यांना अशीच पानं होती आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. त्या पानातून पावसाळाभर ओली हवा आत गेली. लोखंडाने आणखी एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला. फेरसचं फेरिक झालं आणि लेबल तसंच राहिलं.

परीक्षेच्या दिवशी मी त्या बाटलीतली भुकटी घाईत, न बघता, सगळ्यांसमोर पाण्यात विरघळवून वाटली होती. परीक्षकांसाठी उत्तरांचा कागदही लेबल वाचूनच लिहिला होता. मुलांनीही लेबलच वाचलं. आठ जण पिवळं पाणी हातात धरून हिरवं लिहून मोकळे झाले! ज्याने दिसलं तेच लिहिलं, तो एकटा नापास. मला स्वतःची शरम वाटली आणि त्याहून जास्त चीड आली.

“सर, बरोबर उत्तर एकट्या मडावीचं आहे,” मी हेडमास्तरांना सांगितलं. “बाकीच्यांनी बाटलीवरचं नाव उतरवलंय.”

हेडमास्तर संस्कृत शिकवायचे. “तुम्ही म्हणता म्हणून? तुमची एक बाटली खोटी निघाली. मग दुसऱ्या बाटलीतलं टाकून रंग दाखवाल, ती खरी कशावरून?”

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. मी दसरूला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, हिरडा टाकून पाहा ना. हिरडा त बाजारातला हाये, शाळेचा नाई.”

“हिरड्याने काय होणार?” हेडमास्तरांनी विचारलं.

“आमी घरी हिरडा फोडतो न, त त्याचं पाणी लागून पातं काळं पडते. गंजलं पातं असन त लगेच पडते. घासून साफ केलं असन त टाइम लागते.”

गंजातलं लोखंड म्हणजे तीन इलेक्ट्रॉन दिलेलं लोखंड. मी फळ्यावर जे घसा फोडून शिकवत होतो, ते हा घरच्या पात्यावर पाहून बसला होता.

बाजारातून हिरडे आणवले, कुटून उकळले. एका ग्लासात बाटलीतली भुकटी पाण्यात विरघळवली. दुसऱ्यात लोखंडी खिळे पातळ गंधकाम्लात टाकून ताजं फेरस केलं. दोन्हींत हिरड्याचं पाणी ओतलं. भुकटीचं पाणी तिथल्या तिथे शाईसारखं काळं झालं. खिळ्यांचं जेमतेम गढुळलं.

हेडमास्तरांनी दोन्ही ग्लास उजेडात धरून पाहिले. मग त्यांनी टाक उचलला. “ठीक आहे. मडावीला पास करू. पण बाकीच्यांना हात लावायचा नाही. शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांचा पुतण्या आहे त्यांच्यात.” आणि निकालावर दसरूच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘कृपागुण देऊन उत्तीर्ण.’

“कृपा कसली, सर?” माझा आवाज चढला. “आठ खोट्या वह्यांना पैकीच्या पैकी आणि एका खऱ्या वहीला भीक?”

“अध्यक्षांना काय सांगू मी?”

“चूक सायन्स मास्तरची होती म्हणून सांगा. मी लेखी देतो. पण नऊही जणांची प्रॅक्टिकल पुन्हा घ्या. नाहीतर या निकालावर माझी सही मिळणार नाही.”

माझ्या सहीशिवाय निकाल पुरा होत नव्हता. हेडमास्तरांचा चेहरा आंबट झाला, पण दोन दिवसांनी परीक्षा झाली. या वेळी बाटल्या मी आतल्या खोलीत ठेवल्या आणि नुसत्या परीक्षानळ्या हातात दिल्या. दसरूने आपला क्षार बरोबर ओळखला. आठांपैकी पाच जण पास झाले, त्यांत घाम पुसत पुसत पुतण्याही. उरलेल्या तिघांना मी आठवडाभर शिकवलं आणि परत बसवलं, कारण लेबलवर विसंबायचं त्यांना मीच शिकवलं होतं. माझ्या सर्व्हिस बुकात ‘निष्काळजी’ असा शेरा पडला. तो मी मुकाट्याने घेतला.

फॉर्मवर सही करायला दसरू ऑफिसात आला. टेबलावर निकालाचा तोच कागद माझ्या सहीसाठी ठेवला होता; नवे मार्क भरले होते, पण कृपागुणांची ओळ तशीच होती. त्याने तो वाचला आणि टाक खाली ठेवला.

“सर, माह्या नावापुढं हे कृपा काऊन लिवली हाये?”

“राहू दे रे,” हेडमास्तर म्हणाले. “पास झालास ना?”

“मी त पयल्या वेळीबी बरोबरच लिवलं होतं सर. हे खोडा.”

“आणि नाही खोडलं तर?”

“त मी सही करत नाई.”

फॉर्म पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. पोस्टाची वेळ होत आली होती. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, दसरूकडे पाहिलं. मग ती ओळ खोडली आणि खाली सही केली. ओळ खोडल्याचं नीट पाहून दसरूने फॉर्मवर आपली सही केली.

पुढे निवृत्त होईपर्यंत उत्तरांचा कागद मी प्रत्येक बाटली आधी तपासून मगच लिहिला. नुसत्या लेबलला मी पुन्हा कधी मार्क दिले नाहीत.