अडईची अंडी कोण नेते?

तिसरं घरटंही रिकामं निघालं. टरफलाचा तुकडाही नाई.

"डोंगेवालेच नेत असणार," साहेब म्हणाले. "रिपोर्ट लिही. पिल्लं निघेपर्यंत मासेमारी बंद करून टाकू."

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. ब्रह्मपुरीकडच्या एका तलावावर मी साहेबाच्या हाताखाली वनखात्याच्या पक्ष्यांच्या सर्वेवर होतो. मॉनिटरिंग म्हणजे दर चार दिवसांनी त्याच घरट्यावर जाणं, अंडी मोजणं, वहीत लिहिणं. अडई हे शिट्टीसारखं ओरडणारं बदक. पाणगवतात घरटं करते अन् अंड्यांवर अशी दाबून बसते का खालचं काई दिसत नाई.

पण मले नकला जमत. हेडमास्तरची, साहेबाची, अन् अडईची तं एकदम फस्क्लास. मी शिट्टी मारली का बसलेली अडई उठे. मी डोकावून आकडा घेओ. हात न लावता गिनती, म्हणून साहेब खूश.

आता मी डोंगेवाल्यांवर नजर ठेवली. मासेमारांच्या सोसायटीचे म्होरके केवळरामभाऊ. एकदा त्यांचा डबाच उघडला. आत उकडलेलं अंडं!

"कोंबडीचं आहे बाबू," भाऊ म्हणाले. "लिहून घे वहीत."

बाकीचे हसले. भाऊ हसले नाई. "जाळं बंद झालं तं सारा ढीवर मोहल्ला काय खाईन? आठ दिवस आमी डोंगे काढतच नाई. मंग सांग."

आठ दिवस त्याईचे सारे डोंगे काठावर पालथे होते, फक्त माझा सर्वेचा डोंगा गिनतीले जाये. चौथं घरटं तरी रिकामं! मले वाटलं, चोरून येत असतीन.

"चाल," भाऊ म्हणाले, "आज मी डोंगा हाकतो. तू शिट्टी मार. पण वहीत नोको पाहू, मांगं पाहा."

मी शिट्टी मारली. अडई उडाली. आठ अंडी. डोंगा जरा पुढं गेला, अन् बाभळीवरचे दोन कावळे सरळ गवतात उतरले. एक वर आला तं चोचीत अंडं.

"आमी बाजूनं जाळं टाकतो तं ती हालत नाई," भाऊ म्हणाले. "तू आला का उठते. कावळ्याईले ठाऊक झालं ना बे, जेवण कवा वाढते ते!"

मी साहेबाकडे गेलो. "साहेब, अंडी कोणामुळं जातात ते सापडलं."

"नाव सांग."

"माझंच."

साहेबानं रिपोर्टचा कागद माझ्याकडे सरकवला. मंग म्हणाले, "लिही तसंच."

लिहिलं. मासेमारी चालू राह्यली. गवतापासून जाळं दूर टाकाचं भाऊनं सोताच कबूल केलं. तसंही गवतात अडकून ते फाटेच.

आता मी काठावरून दुर्बिणीनं पाहतो. अंड्यांचा आकडा अंदाजे येते. पिल्लं मात्र नीट मोजता येतात, काऊन का ती निघतात.