जग तापवणारे जंतू आणि उमापूरचा तवा

मुकादम बायोगॅसच्या घुमटाला कान लावून उभे होते.

“म्याडम, आत कुनीच न्हाई. टोळी कावून पळाली?”

उमापूरचे हे मुकादम ऊसतोडीला टोळ्या नेतात, त्यामुळे त्यांना सगळं जग, टाकीतले जंतूसुद्धा, टोळीतच दिसतं. प्लांट मी बसवलेला. परवा त्यांच्या मुलीचा साखरपुडा. पोळ्या गोबरगॅसवरच होणार, असं व्याह्यांना छातीठोक सांगून झालेलं. आणि शेगडी पेटेना.

मी समजावलं. शेणात मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. जिथे हवा नाही तिथे ते जगतात: गाईच्या पोटात, दलदलीत, या टाकीत. तो वायू मोकळा सुटला की पृथ्वी तापते, कोंडून जाळला की स्वयंपाक होतो.

“म्हंजी हे जग तापवत्यात, आन् माजा तवा तापवंनात?” मुकादम भडकले.

मी टाकीच्या तोंडाशी वाकले. वास फिनाईलचा होता.

“पाव्हणे येनार, आन् वास लई येतो,” मुकादमांच्या पत्नी कौतुकाने म्हणाल्या. “आमी रोज डबाभर ओततो.”

मी कपाळावर हात मारला. ज्यांच्या जिवावर गॅस, त्यांचाच मुडदा पाडला होता. आता टाकी धुवायची, नवं शेण भरायचं आणि विरजण म्हणून चालू प्लांटमधली स्लरी, म्हणजे पातळ शेणकाला, ओतायची. तरी गॅस यायला काही आठवडे लागणारच.

“व्याह्यांना कळलं तर नाक कापलं जाईल,” मुकादम हळूच म्हणाले. “गुपचूप आना.”

मी स्लरीसाठी तलवाड्याच्या एका ग्राहकाला फोन केला, कुणासाठी हवीय तेही सांगितलं. तो खो खो हसला. “परवा मीच आनतो. मला तिकडंच यायचं हाय.”

साखरपुड्याच्या सकाळी मांडवासमोर शेणाचा टँकर थांबला. चालकाशेजारी फेटा बांधून माझा तलवाड्याचा ग्राहक, म्हणजे हेच ते व्याही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण व्याह्यांची गाडी दारात आलेली! मुकादमांच्या पत्नींनी चाकांवर पाणी घातलं, टँकरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मुकादम खाली मान घालून उभे.

व्याह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पोरगी आमच्याकडं यायची हाय अजून. आमची मंडळी आधीच तुमच्याकडं नांदाया आली. जपा त्यांना.”

पोळ्या लाकडांवर झाल्या आणि सगळे पोटभर जेवले. शेगडी पेटली तेव्हा लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या.

आता कुठूनही स्लरी मागवण्याआधी मी ग्राहकाला विचारते, “सोयरीक कुठं जमलीय?”