हळू, मम्मी उठेल

माझ्या धाकट्या बहिणीला पुरलं त्या दिवशी मी दफनभूमीत गळा काढून रडत होते. आम्ही परभणीकडच्या बाया, तोंडाला पदर लावून मुसमुसणं आम्हाला जमत नाही. तेवढ्यात तिची सहा वर्षांची पोर गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं आपला तळहात माझ्या तोंडावर घट्ट दाबला. कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, हळू. मम्मी उठेल."

मला वाटलं, लेकरू आहे, बोललं काहीतरी. तेव्हा माझं लक्ष त्या पास्टरकडं होतं. खड्ड्याच्या काठावर उभा राहून तो शांतपणे सांगत होता की आपली बहीण मेलेली नाही, ती प्रभूमध्ये झोपी गेली आहे. सगळे माना डोलवत होते, तिचा नवराही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झोपी गेली म्हणे! काविळीनं पिवळीजर्द होऊन आठ दिवस तडफडलेल्या बहिणीच्या उशाशी मी बसले होते. ती झोप तुमची तुम्हाला लखलाभ.

तिच्या नवऱ्याशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तो ख्रिस्ती, जालन्याकडचा, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. लग्नाच्या वेळी घरच्यांनी आदळआपट केली, त्यात मीही होते. पुढं पाहिलं, माणूस पीत नाही, हात उचलत नाही, म्हणून तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवलं, मन नाही.

नवव्या दिवशी शाळेतून परस्पर रिक्षा करून त्यांच्या खोलीवर गेले. मी शिक्षिका आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला पर्वत पाटियाजवळ राहते, पांडेसरा काही जवळ नाही. दार पोरीनंच उघडलं, कडी दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता. बाप रजेवर होता, पण घरात नव्हता. शेजारची बाई डाळ-भात देऊन गेली होती. पोरीनं आधी फरशीवर टॉवेलाची घडी टाकली आणि तिच्यावर अलगद ताट ठेवलं. मी शाळेचं विचारलं तर पुटपुटून उत्तर दिलं. शेजारीण म्हणाली, नऊ दिवस झाले, पोरगी अशीच बोलते. शाळेतही हजेरीला आवाज देत नाही, बाईंनी दोनदा बोलावणं पाठवलंय.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

बाप सहा वर्षं रात्रपाळीला. सकाळी आठला यायचा, दिवसभर झोपायचा, संध्याकाळी उठून परत मिलवर. एकच खोली. त्यामुळं त्या घरात सगळं हळू चालायचं. बहीण दिवसा कुकर लावत नसे, शिट्टी होते म्हणून. ताटाखाली टॉवेल, खिडकीला जाड चादर, बेलची वायर काढून ठेवलेली. पोर बोलायला शिकली तीच कुजबुजत. तिला एकच गोष्ट पाठ होती. झोपलेल्या माणसाला कुणी उठवलं नाही तर त्याची झोप पुरी होते, आणि पुरी झाली की माणूस आपण होऊन उठतं, चहा मागतं.

आणि त्या पोरीला ह्या शहाण्यांनी सांगितलं होतं, मम्मी झोपली.

तो आल्याबरोबर मी त्याला फाडून खाल्लं. लग्नापासून अहो-जाहो केलं होतं, त्या दिवशी अरे-तुरेवर आले. म्हटलं, तिला आत्ताच्या आत्ता खरं सांग. तो मान खाली घालून म्हणाला, शास्त्रात तसंच लिहिलंय, मी खोटं बोललो नाही. मी म्हटलं, जाळलं असतं तर लेकराला कळलं तरी असतं, जळलेलं माणूस उठत नाही. त्यावर त्यानं हळूच विचारलं की तुमच्यात पोरींना स्मशानात नेतात का. नेत नाहीत, हे मलाही माहीत होतं. त्यामुळं राग आणखी वाढला.

मी स्वतः सांगू शकले असते. पण बाप झोपली म्हणतो आणि मावशी मेली म्हणते, तर पोर कुणाचं खरं धरणार? त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

रविवारी दुपारी उपासना संपल्यावर मी त्याला घेऊन पास्टरसमोर उभी राहिले. पोरीला शेजारणीकडं ठेवलं होतं. पास्टर मला समजावत राहिला. झोप हा आशेचा शब्द आहे ताई, खुद्द प्रभूनं मेलेल्या मित्राविषयी तो वापरला. त्यानं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून माझ्यापुढं धरलं, ओळीखाली लाल रेघ मारलेली. आता वीस वर्षं मुलांना धडे शिकवणाऱ्या बाईला एकच ओळ दाखवून कोण गप्प करणार? मी पुस्तक ओढून घेतलं आणि पुढं वाचलं. शिष्यांनाही ती साधी झोपच वाटली होती. झोपलाय तर बरा होईल, असं ते म्हणाले. तेव्हा प्रभूनं त्यांना सरळ सांगितलं की तो मेला आहे. आणि थोडं पुढं गेलं तर प्रभू स्वतः रडला.

मी तिथं बोट ठेवलं. म्हटलं, "मोठ्या बाप्यांना कळलं नाही म्हणून तुमच्या देवानं उघड सांगितलं. माझी भाची सहा वर्षांची आहे."

पास्टरनं ती ओळ पुन्हा वाचली. मग बहिणीच्या नवऱ्याकडं वळून म्हणाला, ताईंचं बरोबर आहे, सांगून टाक. नवरा भिंतीला टेकून बसला. "ताई," तो म्हणाला, "मी ते अजून एकदाही बोललो नाही. बोललो तर ती खरंच जाईल." मला दया आली का? आली. पण सोडलं नाही. दंडाला धरून घरी आणलं, आणि रिक्षात बजावलं की पुढं स्वर्ग जोडायचा नाही, पुनरुत्थान जोडायचं नाही, ते नंतर.

शेजारणीनं पोरीला खोलीवर आणून वाढलं होतं, ती टॉवेलावर ताट ठेवून जेवत होती. तो तिच्यासमोर बसला.

"बाळा, मम्मी झोपली नाही. मेली. ती आता उठणार नाही."

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तसंच कुजबुजत विचारलं, "मग मोठ्यानं रडलं तर चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

मग तिनं जो टाहो फोडला, तो मी जन्मात विसरणार नाही. ताट लाथेनं उडालं, भात भिंतीपर्यंत गेला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. थोड्या वेळानं पलीकडून भिंतीवर थाप पडली. तिथं एक रात्रपाळीवाला झोपत असे. सहा वर्षं अशा थापेची वेळ येऊ नये म्हणून माझी बहीण जपत आली होती.

तिचा नवरा उठला आणि दोन्ही मुठींनी त्यानं ती भिंत बडवली. बडवता बडवता तोही ओरडून रडायला लागला.