कोयत्याला सुरीची धार

आमच्या आत्याने नाकावर माशी बसू दिलेली मी कधी पाहिली नाही. बसलीच असती, तर तिने ती कोयत्यानेच उडवली असती. इस्पितळाच्या फाटकाशी ती शहाळी विकते आणि मी समोरच्या औषधांच्या दुकानात असतो, त्यामुळे तिचं अर्धं आयुष्य मी काउंटरमागून बघितलंय. डाव्या तळव्यावर शहाळं, उजव्या हातात कोयता. दोन-तीन घावांत टोपण उडतं, थेंब सांडत नाही. गिऱ्हाईक डोळे गच्च मिटून घेतं. आत्या तेवढ्यात विचारते, "पेशंटने काही खाल्लं का?"

तिचा एक उलटा नियम आहे. परक्याला मान, आपल्याला शिव्या. मला तिने नावाने हाक मारल्याचं आठवत नाही, 'मेल्या'वरच भागवलं. जावयाला मात्र "अहो, तुम्ही बसा ना." लग्नाला एवढी वर्षं झाली तरी "अहो"च. तो बिचारा हॉटेलात स्वयंपाकी, स्वभावाने गरीब. सुरी अशी चालवतो की कांद्याच्या चकतीतून पेपर वाचावा.

यंदा आत्याचं मनगट सुजलं. लेक आणि जावई मागे लागले, आमच्याकडे राहायला या, एकट्या नका राहू. आत्या हटून बसली. "परक्या घरी पाहुणी म्हणून किती दिवस राहू? आणि एका म्यानात दोन तलवारी? त्यांच्या सुऱ्या, माझा कोयता!" जावई माझ्या दुकानात येऊन हळूच म्हणाला, "आई मला आपलं कधी समजणार हो?" मला त्याची फार कीव आली.

मग त्याने एक उद्योग केला. आत्याचा कोयता मागून नेला आणि दुसऱ्या सकाळी धार लावून आणला. कौतुकाने कागद धरून दाखवला. कागद नुसत्या स्पर्शाने चिरला. आत्याच्या भुवया वर गेल्या, पण गिऱ्हाईक उभं होतं. तिने घाव घातला. कोयता शहाळ्यात रुतला. तिने तो पिरगाळून काढला, तर धारेचा नखाएवढा तुकडा गायब!

"अरे गाढवा!" आत्या कडाडली. रिक्षावालेसुद्धा वळून बघायला लागले. "सुरी आहे का ही? सुरी ओढून कापते, तिला पातळ धार चालते. कोयता पडून कापतो. त्याच्या धारेला जरा अंग लागतं. तू त्याची पार काडी केलीस!"

जावई खाली मान घालून म्हणाला, "तुमच्या मनगटाला जोर पडू नये म्हणून घासला, आई."

गिऱ्हाईक उभं असताना आत्याने कोयता खाली ठेवला. हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बस इथे," ती म्हणाली. "धारेचा दगड आण."

दोघं नळाशी बसली. सुजलेल्या हाताने तिने त्याचं मनगट धरलं. "एवढा उभा धर. गाढवा, कांदा नाहीये तो!" दर गाढवाला जावयाचा चेहरा खुलत होता. बघता बघता मी एकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध देणार होतो. धार जमल्यावर तिने त्याच्या हातात शहाळं दिलं. तो सवयीने दाबायला लागला. "दाबू नकोस. उचल आणि सोड, बाकीचं तो बघतो." टोपण उडालं खरं, पण अर्धं पाणी त्याच्या शर्टावर. उरलेलं एक आजीबाई हसत हसत प्यायल्या.

ही बातमी आतेबहिणीला मीच फोन करून कळवली. पोटात राहीना, काय करू? तिचा लगेच आत्याला फोन. स्पीकर चालू होता.

"आई, भर रस्त्यात गाढव म्हणालीस त्यांना?"

"म्हणाले. माझा आहे तो, मी म्हणणार. तू मध्ये पडू नकोस."

जावई शर्ट पिळत उभा होता. कसंबसं म्हणाला, "मग आई, संध्याकाळी स्कूटर घेऊन येऊ ना आपल्याकडे न्यायला?"

आत्याने शहाळी ठेवायच्या जाडजूड ओंडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"स्कूटरवर हा मावतोय का, गाढवा? टेंपो सांग."