मामितशेजारची जागा

उम्सुनाय आपाने उतारवयात येशूला मानलं आणि नारिन शहराजवळच्या त्या डोंगरी गावाला अचानक आठवलं की आपण फार धर्मनिष्ठ आहोत. तोवर मशिदीचं कुलूप गंजत पडलं होतं. आता व्होडकाचा पेला हातात धरून माणसं तिच्या आत्म्याची काळजी वाहू लागली. गुराख्याने तिची गाय कळपातून हाकलली. मेजवानीत म्हाताऱ्या बाईला मानाने मिळणारं शेपटीकडचं मांस बंद झालं. गावचा ज्येष्ठ असानकोजो याने तर कडी केली. टेकडीवरच्या कब्रस्तानात नवऱ्याशेजारी, मामितशेजारी, तिला जागा नाही, असं त्याने जाहीर केलं.

गाय आणि मांस तिने सोडून दिलं. जागेचं मात्र जिवाला लागलं. ज्याच्या घोरण्यावर चिडण्यात उभा जन्म गेला, त्याच्याशेजारीच तिला निजायचं होतं.

गावाचीही एक पंचाईत होती. मेलेल्याचं आयुष्य गाऊन रडायचं, म्हणजे कोशोक म्हणायचा, तर आपासारखी दुसरी बाई पंचक्रोशीत नव्हती. मुल्ला कोशोकला पाप म्हणायचा. पण कोशोकाशिवाय मढं उचललं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. अशात असानकोजोची आई गेली. सुना पुष्कळ रडल्या, पण नुसताच आवाज. शेवटी भर दुपारी असानकोजो स्वतः आपाच्या दारात आला.

"आपा, चला. आईसाठी गा."

"बाटलेल्या बाईचं गाणं चालेल?"

"त्याचीही सोय केलीय. मुल्लासमोर एवढंच म्हणा, चुकले, परत आले. टेकडीवरची जागा तुमची."

"आणि मनात?"

"मनात काय हवं ते ठेवा हो. आमच्या मनात तरी कुठे काय असतं?"

दुःखात माणूस खरं बोलून जातो.

आपाला मोह झाला. खोटं कशाला सांगा, फारच झाला. शाल पांघरताना ते वाक्य ओठांवर येऊन बसलं होतं. "आधी गाते," एवढंच ती म्हणाली.

मढं ठेवलेल्या तंबूत, रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून ती बसली आणि म्हातारीचं आयुष्य गाऊ लागली. गाता गाता तेही आलं, जे गावाला ठाऊक नव्हतं. गावाने आपाला वाळीत टाकलं तेव्हा हीच म्हातारी लेकाचा डोळा चुकवून, शालीखाली गरम रोटी लपवून तिच्या घरी यायची. कोशोक मध्येच तोडायची रीत नाही. बाहेर पुरुषांच्या रीतीने काठीवर वाकून रडणाऱ्या असानकोजोला सगळं निमूट ऐकावं लागलं आणि लोकांनी त्याच्याकडे मनसोक्त बघून घेतलं.

गाणं संपल्यावर तो मुल्लाला घेऊन आला. "आता ते वाक्य म्हणा, आपा."

"नाही म्हणत."

"एका वाक्याने काय झिजणार आहे तुमचं?"

"आता खोटं बोलले, तर तुमच्या आईचं गायले तेही कोण खरं मानेल? आणि येशूला काय सांगू? जागेपायी तुला सोडलं म्हणून?"

"मग जागा नाही."

"ठाऊक आहे."

एवढं बोलून तिला रडू कोसळलं. या रडण्याला चाल नव्हती. बाहेर पुरुषांनी मढं उचललं. पुरायला बायका टेकडीवर जात नाहीत. तिने असानकोजोची बाही धरली.

"वर जाताय ना, तर मामितपाशी जरा थांबा. माझी वाट बघू नको म्हणावं."