वन्संना काय नेसवायचं

तुमच्या आत्याआजीला, म्हणजे माझ्या वन्संना, गेल्या वर्षी एका गोष्टीचा निकाल हवा होता. आपण गेल्यावर आपल्याला हिरवं नेसवायचं की पांढरं? हे वाचून घाबरू नका. आमच्या वयाच्या बायका असल्या गोष्टी मेथी निवडता निवडता बोलतात. तुम्ही इतक्या लांब वाढलात म्हणून थोडं समजावून सांगते. नवरा असताना बाई गेली, तर तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. विधवेला यातलं काही नाही. वन्सं या दोहोंपैकी कोण, हे चाळीसेक वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांचे यजमान निसरपूरला नोकरीला होते. एका सकाळी नर्मदेवर स्नानाला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत. नदीत गेले म्हणावं तर घाटावर कपडे सापडायला हवे होते, ते सापडले नाहीत. ज्या घरातून ते निघाले ते घर पुढे धरणाच्या पाण्याखाली गेलं. वन्सं देवासला आमच्याकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. बारा वर्षं उलटल्यावर भटजी म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करू, म्हणजे श्राद्धाला वाट मोकळी होईल. वन्संनी साफ नकार दिला. "पानांना काडी लावून माणूस मरतो होय?" असं त्या म्हणाल्या आणि रोज कुंकू लावत राहिल्या.

मग आमच्या गल्लीतल्या एक बाई सहलीला जाऊन आल्या. धारच्या पुढे डोंगराच्या कडेवर एक जुना मठ आहे, तिथे एका खोलीत संन्याशांचे पूर्वाश्रमीचे कपडे टांगून ठेवलेत, असं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता त्यांनी एका तपकिरी कोटाचं वर्णन केलं. कोपरावर ठिगळ, आणि ठिगळ भलत्याच रंगाचं. वन्संनी हातातली वाटी खाली ठेवली.

"वहिनी, ते ठिगळ मी लावलंय," त्या म्हणाल्या. "घरात तेवढाच तुकडा होता. हिरवा."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, मला या प्रकारात काही तथ्य वाटत नव्हतं. पण मी त्याच टूरवर दोन जागा घेतल्या. टूरला वेळापत्रक असतं. मठ दुपारपर्यंत, मग धार शहर, संध्याकाळी परत. वन्सं तिथे काय करून बसतील सांगता येत नव्हतं, आणि वेळापत्रक त्यांना परत आणील असा माझा हिशेब होता.

भाद्रपदातले दिवस. आमच्या गाडीत टोंकखुर्दचं एक शेतकरी जोडपं होतं, काही इंदूरची मंडळी होती आणि पुढे माईक घेऊन गाइड. पन्नाशीचा, ढेरपोट्या, आवाज खणखणीत. "माताजी, आगे की सीट पे आ जाओ, पीछे उछलोगे तो कमर का भजिया बन जाएगा," असं म्हणून त्याने आम्हाला पुढे बसवलं. टोंकखुर्दच्या बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "सुनो, देखो कितरी फिकर करे. ने तम!" म्हणजे आणि तुम्ही! नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. वन्संही हसल्या. डब्यातल्या दशम्या आम्ही धारच्या अलीकडेच संपवल्या. इथवर ती सहल होती.

घाट लागला आणि धुकं आलं. आपल्याकडचं धुकं असं असतं की ते येताना दिसत नाही, आपण एकदम त्यात असतो. त्यातून मांडूकडची ती जुनी झाडं एकेक करून पुढे येऊ लागली, खुरासानी चिंचेची. बुंधा एखाद्या खोलीएवढा आणि वर चार वेड्यावाकड्या फांद्या, जणू कुणी झाड उपटून उलटं रोवलंय. गाइडने माईक खाली ठेवला. पाण्याचा आवाज येत होता, पण तो कुठल्या बाजूने ते कळत नव्हतं. गाडी थांबली. मठाच्या पायऱ्या उतरताना मी वन्संचा हात धरला.

"यहाँ के महाराज लोग चौमासे में बोलते नहीं," गाइड हळू आवाजात सांगू लागला. "और एक बात. ये सब अपना श्राद्ध खुद करके बैठे हैं. संन्यास लेने से पहले अपना पिंड अपने हाथ से. सरकार के लिए जिंदा, घर के लिए खतम." टोंकखुर्दच्या बाईंनी पदर डोक्यावर घेतला.

मठ डोंगराच्या पोटात कोरलेला. पुढे दगडी ओसरी, आत ओळीने खोल्या. तिथल्या सेवेकऱ्याचे पूर्वज आपल्याच बाजूचे, त्याची मराठी जुन्या वळणाची होती आणि मध्येच माळवीत घसरायची. त्याने आम्हाला ती खोली दाखवली.

खोलीला खिडकी नव्हती. तिन्ही भिंतींवर खुंट्या, आणि खुंट्यांवर कपडे. धोतरं, सदरे, एक गणवेशाचा खाकी शर्ट, एक जरीकाठी उपरणं. प्रत्येक जोड माणसाच्या उंचीवर टांगलेला. खांदे खांद्यांच्या जागी, बाह्या हातांच्या जागी. धूळ नव्हती, कुणीतरी रोज झटकत असणार. आम्ही आत शिरलो तेव्हा वारा नव्हता, तरी सगळ्या बाह्या थोड्या हलल्या. आमच्या शिरण्यानेच हलल्या असतील. मला मात्र आपण बोलत्या माणसांत अवचित शिरलो आणि ती गप्प झाली, तसं वाटलं.

कोट डाव्या भिंतीवर होता. वन्संनी त्याला हात लावला नाही. कोपरापाशी वाकून त्यांनी टाके पाहिले.

"हाच," त्या म्हणाल्या. मग सेवेकऱ्याला विचारलं, "हा ज्यांचा, ते कुठे आहेत?"

"कुनाचा कोनता ते आम्ही नाही ठेवत, माई. पूर्वाश्रम पुसायचा असतो."

"पण आहेत का?"

"कपडा खुंटीवर आहे म्हणजे आहेत. समाधी झाली की त्याच दिवशी कपडा नर्मदामाईला देतो."

वन्संनी ठिगळाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे हिरवं." आवाजात आनंद नव्हता, जिंकल्याचा भावही नव्हता. दुकानात मापाचा आकडा सांगावा तसं त्या म्हणाल्या. लगेच सेवेकऱ्याला म्हणाल्या, "मला त्यांना एकदा बघायचंय."

"बघा की. आता पान मांडतील. जे आहेत ते सारे पंगतीला येतात."

ते आले तेव्हा पावलांचा आवाज आला नाही. पाच जण होते. पाचांच्या अंगावर भगवं, थंडीमुळे कानांवरून ओढून घेतलेलं. कपाळापासून दाढीपर्यंत भस्म. वय ओळखू येत नव्हतं. एक उंच किंवा एक लठ्ठ असता तर बरं झालं असतं, पण तसंही नव्हतं. एकाच तऱ्हेने वाकून ते ओळीने बसले आणि पाचांनी एकाच तऱ्हेने गुडघ्यावर हात ठेवले. मी वन्संकडे पाहिलं. त्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नजर फिरवत होत्या आणि पुन्हा मागे येत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"वहिनी, मला कळत नाहीये," त्या कुजबुजल्या.

"भस्मामुळे."

"भस्मामुळे नाही. मला आठवतच नाहीये."

मी सेवेकऱ्याला बाजूला घेऊन विचारलं की यांच्यातले आपल्याकडचे कोण, मराठी कोण. तो कसनुसा हसला. "बाईसाहेब, मी इथे जन्माला आलो. तिन्हीसांजेला मलाच ओळखू येत नाहीत. नवा येतो तेव्हा वेगळा असतो. मग होत जातो सारखा."

वाढायला सहलीतल्या बायकांपैकी कुणीही पुढे व्हावं, अशी तिथली रीत. वन्सं पदर खोचून पुढे झाल्या. मिठाचं भांडं उचलताना मला म्हणाल्या, "ह्यांचं मीठ."

मला लगेच कळलं. आपल्या पंगतीत मीठ पहिल्यांदा वाढतात आणि ते पानाच्या वरच्या टोकाला, मधोमध. मग लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. वन्संच्या यजमानांना हे फार. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवख्या वन्संनी एकदा मीठ उजवीकडे खाली वाढलं होतं. ते काही बोलले नाहीत. बोटाने मीठ उचलून वर मधोमध नेलं आणि मगच भाताला हात लावला. पुढे हातात भांडं घेतल्यावर वन्संच्या ते दृश्य डोळ्यांपुढे येई, असं त्या नेहमी सांगत. आमच्या माळव्यात बाकी कुणाला मिठाच्या जागेचं काही नसतं. हिंदी घरांतून तर मीठ मागितल्यावर मिळतं.

वन्संनी पाचही पानांवर मीठ उजवीकडे खाली वाढलं. मुद्दाम. मग भात वाढला, वरण वाढलं आणि ओळीच्या समोर उभ्या राहिल्या. मी खांबापाशी होते. धुकं ओसरीच्या आतपर्यंत आलं होतं, पण पानं स्वच्छ दिसत होती. टोंकखुर्दचे ते दोघंही उगाच थांबून बघत होते.

कुठे तरी आत घंटेवर टोला पडला. पाच उजवे हात उचलले गेले. पाच हातांनी मीठ चिमटीत घेतलं, वर मधोमध नेऊन ठेवलं आणि मग भाताकडे गेले. एकाच वेळी. कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

"हाय राम," टोंकखुर्दच्या बाई हळूच म्हणाल्या. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, तरी म्हणाल्या.

मी नंतर याचा नीट विचार केला आहे. मठ आपल्या परंपरेचा, तिथे पान वाढायची शिस्त आपलीच असणार, चुकलेलं मीठ जागेवर न्यायचं हे त्यांना कुणीतरी शिकवलं असणार. कदाचित वन्संच्या यजमानांनीच शिकवलं असेल बाकीच्यांना. हे सगळं मला पटतं. पण त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं की पाचही तेच आहेत.

वन्संनी ताकही वाढलं. मग भांडं जागेवर ठेवलं, ओळीपुढे एकदाच डोकं टेकवलं, कुणा एकापुढे नाही, आणि गाडीकडे निघाल्या. मला त्यांना परत आणावं लागलं नाही.

घाट उतरल्यावर ऊन होतं. धारला गाइडचा आवाज परत आला. किल्ला, तळं, मग बाजारात मोकळीक. "जो गुम जाए वो फोन लगाए, जो मोबाइल भूल गया वो चिल्लाए!" किल्ल्यावर वन्सं गाडीतच बसून राहिल्या. बाजारात त्या माझ्या बाजूने चालत होत्या आणि पुढच्या क्षणी नव्हत्या. मी घाबरले. दोन गल्ल्या शोधल्या. धार त्यांचं सासर, तिथले रस्ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. शेवटी एका छोट्या कापडाच्या दुकानात सापडल्या. समोर गादीवर भगव्या सुती कापडाचा तागा उलगडलेला.

"अम्मा, परकम्मावालों को देना है?" दुकानदार विचारत होता. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्यांना दान द्यायचं असेल, असं त्याला वाटलं.

"एक बाई के लिए है, भिया. नौ वार काट दो."

गाडीत ते पुडकं त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "हे नेसवायचं."

"वन्सं, मघाशी तर हिरवं म्हणालात. ते आहेत. कोट आहे."

"आहेत. पण कोण ते मला सांगता आलं नाही. बायको असते तर आलं असतं." त्या खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "आणि ते गेले असंही नाही, म्हणून पांढरंही नको. त्यांनी आपलं श्राद्ध आपण केलं ना? मग माझं मी ठरवते."

"भटजी ऐकायचे नाहीत."

"भटजींना हिरव्या-पांढऱ्याचंच कळतं. म्हणून तर तुम्हाला सांगत्ये."

मी हो म्हणाले. पण माझंही वय वन्संच्या आगेमागेच आहे. कोण आधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे तुमच्यासाठी लिहून ठेवते. पुडकं माझ्या कपाटात खालच्या खणात, पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेलं आहे. मी नसले तर तुमच्या आईबाबांना सांगा आणि कुणाशीही वाद न घालता तेच नेसवायला लावा.

अजून एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात दुपारी मी त्यांना चहाला बोलवायला गेले. माझ्या खोलीत कपाटाचं दार उघडं होतं. लांबी पुरते का बघायला त्यांनी ते कापड नेसलं असावं. आरशाकडे तोंड, माझ्याकडे पाठ, पदर डोक्यावरून कानांपर्यंत ओढलेला. आरशात चेहरा दिसत होता, पण उजेड मागून असल्याने कुणाचा ते नीट कळत नव्हतं. मी "वन्सं" म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही, मान वळली नाही. दुसऱ्यांदा मी हाक मारली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा ओतला आणि कोण येतं त्याची वाट बघत बसले.