आधी बांध, मग निचरा

"सगळं हिरवं आहे? मग काहीतरी चुकतंय."

मॅडम असं म्हणायच्या आणि स्क्रीनवरचा हिरवा ठिपका अंगठ्याच्या नखाने खरवडून बघायच्या. बाजारातले वाटाणे रंगवलेले तर नाहीत ना, हे आपण बघतो तसं. त्यांच्या मॉनिटरवर त्या जागी बारीक ओरखड्यांचा एक पट्टाच तयार झाला होता. ऑफिसमधले बाकीचे हसायचे. मी हसत नसे, कारण मी नवीन होते आणि कोणाच्या बाजूने हसायचं हे माझं ठरायचं होतं.

आमचं ऑफिस अंबरनाथ पूर्वेला, एका फर्निचरच्या शोरूमवर. दिवसभर खालून पॉलिशचा वास येतो. व्यापाऱ्यांची ॲप आम्ही इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनवर चालवतो. प्रत्येक ॲपचे तुकडे करून एकेक तुकडा आपापल्या कंटेनरमध्ये ठेवलेला असतो. कोणता कंटेनर कोणत्या मशीनवर बसेल, एखादा मेला तर त्याच्या जागी दुसरा कधी उठेल, हे सगळं सांभाळणाऱ्या यंत्रणेला प्लॅटफॉर्म म्हणतात. माझ्या आईने आमच्या उल्हासनगरच्या शेजारणीला "मुलगी प्लॅटफॉर्मवर कामाला लागली" असं सांगितलं, तेव्हा तिने काळजीने विचारलं होतं, "वडापावचा स्टॉल काय?"

मॅडम कंटेनरला डबे म्हणायच्या. त्या बदलापूर गावातल्या. माहेर बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचं, भातशेतीचं. कॉम्प्युटरचा क्लास करून, मग उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत करत त्या इथवर आल्या होत्या, आणि ऑफिसमध्ये सरांखालोखाल जुन्या होत्या. या प्लॅटफॉर्मवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. तो त्यांनीच उभा केला होता, म्हणून कदाचित.

"मेलेला डबा हा लगेच उठवतो, चांगलंय," त्या म्हणायच्या. "पण का मेला, ते विचारतो का गो? नाही विचारत. उठवतो आणि हिरवा दिवा लावतो."

एकदा कपड्यांच्या एका ठोक व्यापाऱ्याने फोनवर सहज सांगितलं, "दीदी, आपका बटन दो बार दबाना पडता है. चलता है, आदत हो गयी." कोणाची तक्रार नव्हती, स्क्रीन हिरवी होती. मॅडम मात्र जेवायला उठल्या नाहीत. "दोनदा का?" एवढंच पुटपुटत बसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना एक डबा सापडला, जो सतत मरत होता आणि प्लॅटफॉर्म त्याला सतत उठवत होता. बाजारातल्या सगळ्या दुकानदारांनी तो उठेपर्यंत दुसऱ्यांदा बटण दाबायची सवय लावून घेतली होती.

असा संशय कामात शोभतो. मॅडम तो घरूनच घेऊन यायच्या. वाढदिवसाचे पेढे आले की, "कोणाचा वाढदिवस? आधार कार्ड दाखव." रिक्षावाला हसून "या ताई" म्हणाला की त्या पुढच्या रिक्षात बसायच्या. सरांनी सगळ्यांना नवे कीबोर्ड दिले, तेव्हा त्यांनी आपला उलटा करून, हलवून, कानाला लावून बघितला होता. "आत्ताच का दिले?" तुमच्याही ऑफिसात असं कोणीतरी असेल. अशा माणसाचा कंटाळा येतो आणि सुट्टीवर गेलं की चैन पडत नाही. मॅडम सुट्टीवर जायच्याच नाहीत.

मला त्यांच्या शेजारी बसवलं सरांनी. सर मॅडमपेक्षा वयाने लहान, वडिलांच्या कापडाच्या धंद्यातून या धंद्यात आलेले. "मॅडमकडून सब कुछ सीख लो. पूरी केटी घे. आणि रोज शाम को मला मेसेज कर, आज काय शिकलीस." केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं.

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमच्या कॉलेजात नापास होऊन केटी लागली की घरी मार बसायचा. आता बसवून केटी द्यायला लावतात. कुठे राहतेस? कोणाच्या ओळखीने आलीस?"

"ओळख नाही. ॲड बघून."

"ॲड बघून," त्या म्हणाल्या. मी खोटं बोलतेय हे त्यांनी नोंदवून ठेवलंय, असं मला वाटलं. मी खरं बोलत होते.

मीही भोळी नव्हते. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, त्यात मी कमी बोलणारी. अशी मुलगी बघण्यात तरबेज होते. मॅडमनी आपली खुर्ची अशी लावली होती की सरांच्या केबिनच्या काचेत माझी स्क्रीन त्यांना दिसे. काच दोन्हीकडून तेच काम करते. मला त्यांची दिसे. दुपारी डबा उघडताना त्या झाकण उभं धरत, आत काय आहे ते कोणाला कळू नये म्हणून. सुकटीचा वास मात्र झाकणाने थांबत नसे. रोज संध्याकाळी त्या फोन घेऊन जिन्यात जायच्या आणि आवाज उतरवून बोलायच्या. एकदा पाणी भरायला गेले तेव्हा मला ऐकू आलं, "एकदाच ना? नक्की एकदाच?" मला पाहून त्यांनी फोन कापला. मीही बाटली अर्धीच भरून परतले. कोणाशी, काय एकदाच, याचा विचार करत.

शिकवायला लागल्या की मात्र त्या वेगळ्या व्हायच्या. एखादं मशीन बंद करायचं असलं की त्यावरचे डबे आधी दुसऱ्या मशीनवर हलवावे लागतात. पहिल्यांदा ते दाखवताना त्या म्हणाल्या, "आधी बांध."

मी कीबोर्डवर हात ठेवून थांबले. "काय बांधू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या जोरात हसल्या की सर केबिनमधून बाहेर आले.

"अगो, बांध! शेताचा बांध! शेत बघितलंयस का कधी?" त्यांनी टेबलावर बोटाने चौकोन काढला. "हे खाचर. पाणी भरलंय. रिकामं करायचंय. नुसता निचरा करत बसलीस, तर वरून पाणी येतच राहणार. म्हणून आधी वरचा बांध घाल, नवीन पाणी थांबव. मग खालून निचरा. मशीनचंही तेच. नवीन डबे यायचे बंद कर, मग आहेत ते हळूहळू काढ."

इंग्रजीतले ते दोन शब्द, कॉर्डन आणि ड्रेन, मी परीक्षेत लिहिले होते, मार्कही मिळाले होते. खाचर मला रस्त्याच्या कडेचं माहीत होतं. त्याचं नाव त्या दिवशी कळलं.

एक गोष्ट त्या शिकवत नव्हत्या. कपडा बाजाराचं जुनं ऑर्डरचं ॲप. बाकी सगळ्या डब्यांच्या तीन-चार प्रती चालायच्या, याची एकच. दोन प्रती एकाच वेळी चालल्या तर एकच ऑर्डर दोनदा जाई आणि दुकानदाराच्या दारात दुप्पट गठ्ठे येऊन पडत. तसं पूर्वी एकदा झालं होतं म्हणे. म्हणून मॅडमनी प्लॅटफॉर्मला नियम घालून दिला होता की हा डबा तू आपणहून कधीही बंद करायचा नाहीस. तो हलवायचा कसा, हे फक्त त्यांना ठाऊक. लिहिलेलं कुठेही नाही. विषय काढला की म्हणायच्या, "त्याला वेळ आहे."

मी संध्याकाळी सरांना लिहायचे, "जुनं ॲप अजून नाही." सरांचा अंगठा यायचा. मग एकदा अंगठ्याबरोबर आलं, "जल्दी."

त्याच सुमारास नवीन ग्राहकाच्या मीटिंगला मॅडमना बोलावलं नाही. नवीन कामाची तिकिटं, म्हणजे कोणी काय करायचं त्याच्या नोंदी, त्यांच्या नावावर पडेनाशी झाली. रविवारच्या ड्युटीच्या यादीतूनही त्यांचं नाव निघालं, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. "सुटलात मॅडम! पार्टी द्या!"

मॅडमनी पार्टी दिली नाही. चहाच्या टपरीवर मला बाजूला घेतलं. ग्लास दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला बांध घातलाय."

मी माझा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

"आणि निचरा तुझ्या खाचरात चाललाय. रोज संध्याकाळी मेसेज करतेस ना, किती पाणी आलं ते?"

त्यांना मेसेजचं माहीत होतं. "सरांनी सांगितलंय म्हणून करते."

"तुला बोलत नाही गो. पाणी कुठे ठरवतं कुठे जायचं?" मग रिकामा ग्लास ठेवत, "पण एक डबा आहे तोवर निचरा व्हायचा नाही."

आता जुनं ॲप त्या का शिकवत नव्हत्या ते मला कळलं. त्या डब्याची एकच प्रत होती, आणि तो हलवणाऱ्या माणसाचीही. तोवर त्यांना कोणी काढू शकणार नव्हतं.

मला जे त्यांना सांगायचं नव्हतं ते असं, की मला ते येऊ लागलं होतं. काचेतून बघत होते. उलट दिसणारी अक्षरं वाचायला थोडी सवय लागते, एवढंच. चाचणीच्या मशीनवर मी एकदा गुपचूप करूनही पाहिलं होतं. बरोबर आलं होतं. तरी सरांना मी लिहीतच राहिले, "अजून नाही." का, ते नीट सांगता येणार नाही. सरांवर माझा विश्वास नव्हता. मॅडमवरही पूर्ण बसला नव्हता. अशा वेळी आपल्याला काय येतं ते कोणालाच कळू न देणं बरं, असं वाटत होतं.

मग ज्या भाड्याच्या मशीनवर ते जुनं ॲप होतं, ते परत करायची वेळ आली. सरांनी स्वतः सगळ्यांसमोर निचऱ्याचा आदेश दिला. एकेक डबा निघून गेला. शेवटचा अडकला. प्लॅटफॉर्म पुन्हा पुन्हा तेच सांगत होता की हा बंद करता येत नाही.

"मॅडम, इसको हटाओ ना."

"तुंबलंय जरा," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

सर माझ्याकडे वळले. "तुला येतं?"

केबिनच्या काचेत मला मॅडम दिसत होत्या. त्या चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून माझ्याकडेच बघत होत्या.

"नाही सर."

सर दार आपटून आत गेले. मॅडमनी मला जिन्यात गाठलं.

"खोटं का बोललीस?"

"मला खरंच येत—"

"चाचणीवर करून बघितलंस. कोणी काय केलं त्याचा लॉग कोण वाचतं इथे? मी वाचते."

"मग तुम्ही का नाही हलवलंत?"

"मी बघत होते तू काय करतेस."

"मीपण," मी म्हणाले. आमच्यातलं ते पहिलं सरळ बोलणं असावं.

मॅडम पायरीवर बसल्या. खालून करवतीचा आवाज येत होता. "एक सांगू? एकच प्रत असण्यात काही मजा नाही. ना सुट्टी, ना ताप. भाऊ दर पावसाळ्यात फोन करतो, लावणीला ये, चिखलात उतर जरा. मी किती वर्षांत उतरले नाही. का? तर इथे एक डबा अडून बसलाय माझ्यासाठी. की मीच त्याच्यासाठी अडून बसलेय, काय माहीत." त्या उठल्या आणि मागून ड्रेस झटकला. "चल, नीट शिकवते. काचेत बघून शिकलेलं बाजाराच्या गळ्यात नको बांधायला."

त्या दिवशी त्यांनी खुर्ची सरकवून मला आपल्या जागी बसवलं. ॲपलाही आधी बांध, म्हणजे नवीन ऑर्डर थांबवायच्या. मग निचरा, म्हणजे आत आलेल्या ऑर्डर पुऱ्या होऊ द्यायच्या. मग इथलं बंद, आणि ते बंद झाल्याची दोनदा खात्री करून तिथलं चालू. काचेतून मला ती खात्री करणं तेवढं दिसलं नव्हतं. माझ्या हाताने डबा हलला, केबिनच्या काचेपलीकडून सर बघत होते. मशीन रिकामं झालं. स्क्रीन हिरवी झाली. मॅडमनी नख लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या. पाठोपाठ केक आला, त्यावर त्यांचं नाव आणि "ऑल द बेस्ट". सगळे टाळ्या वाजवायला जमले. मॅडमनी केकचं खोकं फिरवून चारही बाजूंनी बघितलं.

"नाव घालून केक दुपारी हवा असेल तर ऑर्डर सकाळी द्यावी लागते," त्या सरांना म्हणाल्या. "मला आत्ता सांगितलंत. केकला आधी कळलं होतं."

मॅडमनी सुरी घेतली, सगळ्यांसाठी सारखे तुकडे केले आणि माझा तुकडा आधी स्वतः चाखून मग माझ्या हातात दिला. "खा. बराय."

मग डबा आणि छत्री पिशवीत टाकून त्या जिना उतरल्या.

आता बाजाराचं जुनं ॲप माझ्याकडे आहे. मध्यंतरी त्याच ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. काम झाल्यावर म्हणाला, "वो दीदी कहां गयी? रोज शाम को पूछती थी, ऑर्डर एक ही बार आया ना, नक्की एक ही बार? अब कोई पूछता नहीं." मी म्हटलं, मी विचारेन. रोज विचारते, जिन्यात जाऊन. आणि रोज सकाळी आधी हे बघते, की नवीन कामाचं तिकीट माझ्या नावावर पडलंय ना.

त्यांचं टेबल अजून रिकामं आहे. त्यावरचं मशीन बंद करायचं कोणाच्या लक्षात आलेलं नाही, त्यामुळे ऑफिसच्या चॅटमध्ये त्यांच्या नावापुढे अजून हिरवा ठिपका दिसतो. हजर आहेत म्हणून. काल सगळे जेवायला गेल्यावर मी तो अंगठ्याच्या नखाने खरवडून बघितला.

निघाला नाही. माझ्या स्क्रीनवर एक बारीक ओरखडा पडला.